आईशी पहिला संपर्क कधी? अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स आणि भारतातले नातेवाईक

अमेरिकेच्या सरकारचा एसएफ-८६ नावाचा एक फॉर्म आहे. शंभराहून जास्त पानांचा. त्याच्या अठराव्या विभागात नातेवाइकांची माहिती भरायची असते. आई परदेशात राहत असेल आणि अमेरिकेची नागरिक नसेल, तर तिच्या नावाखाली जादा प्रश्न उघडतात. तिच्याशी पहिला संपर्क अंदाजे कधी झाला? शेवटचा कधी? संपर्क कशाने होतो? किती वेळा?

आईशी पहिला संपर्क! माणूस थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसतो आणि मग मुकाट्याने स्वतःची जन्मतारीख टाकतो. उत्तर बरोबरच आहे. शेवटचा संपर्क: आज सकाळी. कशाने: व्हॉट्सॲपवर. किती वेळा: रोज, रविवारी दोनदा. म्हणजे चिंचवडला एकट्या राहणाऱ्या आईला रोज फोन करणारा, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रजा टाकून धावत जाणारा, भावकीत ज्याचं उदाहरण देतात तो मुलगा या फॉर्मसमोर बसला की जरा अडचणीतच येतो. दिवाळीला एकदा फोन करून मोकळा होणाऱ्याचं त्या मानाने सोपं.

मी मेरीलँडमध्ये राहतो. इथे आणि पलीकडे उत्तर व्हर्जिनियात संरक्षण खात्याची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्या जागोजाग आहेत. त्यामुळे गणपतीच्या जेवणाच्या रांगेत दर वर्षी कुणीतरी हळूच विचारतं, ‘नवीन जॉबला क्लिअरन्स लागतोय. भाऊ तिकडे सरकारी नोकरीत आहे. काही प्रॉब्लेम येईल का?’ मी वकील नाही, आणि हा लेख म्हणजे कायदेशीर सल्लाही नाही. पण नियम आणि निकाल सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहेत, आणि ते वाचले की रांगेत ऐकू येणाऱ्या निम्म्या गोष्टी चुकीच्या निघतात.

आधी थोडी जुजबी माहिती. सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायला हा माणूस चालेल, असा सरकारने दिलेला निर्वाळा. पायऱ्या तीन: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट, टॉप सीक्रेट. आपण होऊन त्यासाठी अर्ज करता येत नाही. ज्या कंपनीला किंवा खात्याला तुमची गरज आहे त्यांनी तुमचं नाव पुढे करावं लागतं. आणि काही मर्यादित अपवाद सोडले तर तो फक्त अमेरिकेच्या नागरिकालाच मिळतो, ग्रीन कार्डवर भागत नाही. म्हणून आपल्या लोकांना हा फॉर्म भेटतो तो बराच उशिरा. एच-वन-बी, ग्रीन कार्डची ती न संपणारी रांग, मग नागरिकत्व. तोवर केस पिकलेले असतात, मुलं हायस्कुलात गेलेली असतात आणि आईवडील मागेच राहिलेले असतात.

अर्जदाराला तेरा कसोट्या लावतात. सध्या चालू असलेल्या कसोट्या जून २०१७ पासून लागू आहेत. त्यांना ए पासून एम पर्यंत अक्षरं दिली आहेत. कर्ज, दारू, अमली पदार्थ, गुन्हे, खोटेपणा, सगळं त्यात आहे. पहिली कसोटी, ए, निष्ठेची. आपला विषय तिच्यात नाही. तो आहे दुसऱ्या कसोटीत, बी मध्ये: परकीय प्रभाव.

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. ‘इतकी वर्षं टॅक्स भरला, शपथ घेतली, तरी माझ्या निष्ठेवर शंका?’ असं म्हणून माणसं दुखावतात. मला ते दुखावणं कळतं. पण बी कसोटीत तुमच्या निष्ठेचा प्रश्नच नसतो. भावकीचा बांधाचा वाद निवाड्याला आला की एका बाजूच्या सख्ख्या चुलतभावाला पंच म्हणून बसवत नाहीत. तो लबाड आहे असं कुणी म्हणत नाही. त्याला त्या पेचात टाकायचं नाही, एवढंच. इथेही तसंच आहे. तुमच्या मायेची दोरी परदेशातल्या कुणाच्या हातात आहे का, आणि ती उद्या कुणी ओढली तर तुमची काय गत होईल, एवढंच बघायचं असतं. माया खोटी असावी अशी अपेक्षा नाही. उलट ती खरी आहे हे धरूनच सगळा हिशेब मांडलेला आहे.

नियमातला कळीचा शब्द आहे ‘वाढीव धोका’. परदेशात नातेवाईक असला की थोडा धोका आलाच. त्या नेहमीच्या धोक्यापेक्षा तुमच्या बाबतीत तो जास्त आहे का, हे पाहायचं. ते ठरतं साधारण तीन गोष्टींवरून: देश कुठला, त्या देशात तो नातेवाईक कोण, आणि तुमचं त्याच्याशी नातं किती घट्ट.

देशापासून सुरुवात करू. चीन, रशिया किंवा इराणमध्ये सख्खं माणूस असेल तर अर्जदारावर फार मोठं ओझं येतं. त्यामागे अनुभव आहे. रेडिओ फ्री एशिया या अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेतल्या उइगुर पत्रकारांनी चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगुर मुस्लिमांच्या होणाऱ्या छळाच्या बातम्या दिल्या, आणि मग त्यांचेच तिथले भाऊ, आईवडील, नातलग उचलले गेले. २०१८ मध्ये हे उघडपणे जगासमोर आलं. पत्रकार वॉशिंग्टनमध्ये सुरक्षित होते, पण दोरी शिनजियांगमध्ये होती.

भारत त्या यादीत नाही. तरी ‘आपण तर मित्रदेश’ म्हणून निश्चिंत राहायचं कारण नाही. संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांचे वाद ऐकणारं एक कार्यालय आहे, डोहा नावाचं. तिथले निकाल नावं काढून इंटरनेटवर टाकलेले असतात. भारतात नातेवाईक असलेल्यांच्या निकालांत सहसा दोन्ही बाजू येतात. भारत मोठी लोकशाही आहे, अमेरिकेचा भागीदार आहे, नातेवाइकांना धमकावून माहिती काढायचा त्याचा लौकिक नाही, ही एक बाजू. दहशतवादी हल्ले, आणि अमेरिकेतून नियंत्रित तंत्रज्ञान भारतात परवान्याशिवाय गेल्याचे खटले, ही दुसरी. आणि एक सूत्र तिथे पुन्हा पुन्हा सांगितलं जातं: ज्याला अधिकार नाही त्याच्या हाती माहिती जाता कामा नये, मग तो शत्रू असो की मित्र.

मित्राचं नाव उगाच घेतलेलं नाही. जोनाथन पोलार्ड हा अमेरिकी नौदलाचा गुप्तचर विश्लेषक १९८५ मध्ये पकडला गेला तो इस्रायलसाठी हेरगिरी करताना. रॉबर्ट किम हे तर आपल्या गोष्टीच्या आणखी जवळचं उदाहरण. दक्षिण कोरियात जन्म, मग अमेरिकेचं नागरिकत्व, नौदलाच्या गुप्तचर कार्यालयात नोकरी. १९९६ मध्ये त्याला अटक झाली, कारण तो दक्षिण कोरियाच्या दूतावासातल्या नौदल अधिकाऱ्याला गुप्त कागद देत होता. नऊ वर्षांची शिक्षा झाली. दक्षिण कोरिया अमेरिकेचा शत्रू कधीच नव्हता.

आता नातेवाईक कोण, हा प्रश्न. मराठी घरांची खरी गंमत इथे आहे.

समजा, आपल्या त्या चिंचवडच्या मुलाचे वडील राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि वारले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तिला पेन्शन मिळते. धाकटा भाऊ पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. चुलतभाऊ खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत. मामा ओझरला एचएएलमधून रिटायर. आपल्याला यात काही वेगळं दिसत नाही. पुणे, नाशिक, नागपूर, भुसावळ या पट्ट्यात निम्म्या घरांचं चित्र असंच असतं. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीतल्या मुलाने हा फॉर्म भरला तर लष्कराशी संबंध नसलेला नातेवाईक शोधावा लागेल.

फॉर्म मात्र प्रत्येकापुढे विचारतो: या व्यक्तीचा परदेशी सरकारशी, लष्कराशी, सुरक्षा किंवा संरक्षण उद्योगाशी, गुप्तचर खात्याशी काही संबंध आहे का? आईची पेन्शन सरकारी आहे, तेव्हा तेही लिहायचं. पण निवृत्त प्राथमिक शिक्षिकेकडून कुणाला काही मिळवायचं नसतं, आणि तिची पेन्शन तोडायची धमकी देऊन मुलाकडून क्षेपणास्त्राचे आराखडे मागवले जातील, असं कुणी समजत नाही. निकालांत अशा आईवडिलांची बाब बहुधा लवकर निकालात निघते. भावाचं तसं नाही. तो स्वतः त्याच क्षेत्रात आहे, त्याच्या सरकारला अमेरिकी तंत्रज्ञानात रस आहे, आणि दर शनिवारी दोघं तासभर बोलतात. बोलणं पोरांच्या शाळेचं आणि आईच्या बीपीचं असतं हे खरं. पण नियम संभाषणाचा विषय बघत नाही, जागा बघतो. कोण कुठे बसला आहे ते. तपासणारा थांबतो तो भावाच्या ओळीवर.

म्हणून भाऊ डीआरडीओत असलेल्या माणसाला क्लिअरन्स मिळतच नाही का? तसंही नाही. सरसकट नकार देणारा नियम कुठेच नाही. मिळालेल्यांचीही प्रकरणं आहेत. फक्त समजावून सांगायची जबाबदारी तुमच्यावर येते.

तिसरी गोष्ट नात्याची घट्टाई. अठराव्या विभागात आईवडील, भावंडं, मुलं, सावत्र नाती, आणि सासू-सासरे येतात. हो, सासू-सासरे. डोहाच्या अपील मंडळाने तर असं गृहीत धरलं आहे की नवऱ्याच्या किंवा बायकोच्या जवळच्या माणसांशी तुमचा जिव्हाळा असतोच. नसेल तर ते तुम्ही दाखवून द्यायचं. एका मित्राने हे ऐकून विचारलं होतं, ‘माझं सासऱ्यांशी सात वर्षं बोलणं नाही, आता याचा फायदा मिळेल का?’ खरं सांगायचं तर, मिळू शकतो.

आत्या, मावशी, काका, मामा, चुलत-मावस भावंडं या यादीत नाहीत. इंग्रजी फॉर्मला मराठी कुटुंब कुठवर पसरतं हे माहीत नाही. पण पुढचाच, एकोणिसावा विभाग त्यांना पकडतो. गेल्या सात वर्षांत ज्या परदेशी नागरिकाशी जवळचा किंवा सततचा संपर्क आहे, आणि ज्याच्याशी तुम्ही प्रेमाने, प्रभावाने, समान हिताने किंवा बांधिलकीने जोडलेले आहात, तो इथे लिहायचा. ज्या मावशीने लहानपणी वाढवलं ती इथे येते. ‘परिवार’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे त्रेचाळीस जण मात्र आपोआप येत नाहीत. रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवणारे नागपूरचे काका, ज्यांना तुम्ही २०११ नंतर भेटलेला नाहीत, त्यांच्याशी तुम्ही प्रेमाने बांधलेले आहात का, हे तुमच्या मनाला विचारून ठरवा. शंका आली तर लिहून टाका. जास्त लिहिल्याने सहसा कुणाचं अडत नाही.

सातबारा, फ्लॅट आणि मतदानाची शाई

नात्याबरोबर मालमत्ताही आली. परदेशात घर-जमीन आहे का, आणि पुढे मिळण्याची शक्यता आहे का, असं दोन्ही विचारतात. आपल्याकडे याचं एका शब्दात उत्तर देणं अवघड. गावच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नंतर अकरा वारसांची नावं चढलेली असतात, त्यात तुमचंही एक. वाटणी झालेली नाही, होईल असं वाटतही नाही, गेल्या वीस वर्षांत त्या शेतातून तुम्हाला एक रुपया आलेला नाही. तरी ती मालमत्ताच. चिंचवडचा फ्लॅट आईच्या नावावर, नॉमिनी तुम्ही. एनआरओ खातं, जुनं पीपीएफ, कॉलेजात असताना वडिलांनी काढलेली एलआयसीची पॉलिसी. सगळं लिहायचं.

याने घाबरून जायची गरज नाही, कारण इथे बघतात ते प्रमाण. समजा, तुमचं व्हर्जिनियातलं घर सहा लाख डॉलरचं आहे, निवृत्तीच्या खात्यात तितकेच आहेत, आणि भारतात सगळं मिळून पन्नास हजार डॉलर. मग ते पन्नास हजार वाचवायला तुम्ही देशाची गुपितं द्याल, हे कुणालाच पटत नाही. उलट असेल, म्हणजे इथे भाड्याचं घर आणि बाणेरला तीन फ्लॅट, तर प्रश्न येतील. आणि ते प्रश्न रास्त आहेत, असं मला वाटतं.

आईला दरमहा पाठवता ते पैसेही लिहायचे. परदेशी नागरिकाला आर्थिक आधार दिला आहे का, असा थेट प्रश्न आहे. भाचीला विद्यार्थी म्हणून इकडे बोलावताना स्पॉन्सर झाला असाल तर तेही.

आणि एक प्रश्न आपल्यातले बरेच जण घाईत चुकवतात: परदेशातल्या निवडणुकीत तुम्ही कधी मतदान केलं आहे का? ‘कधी’ म्हणजे आयुष्यात कधीही. १९९९ ला कसबा पेठेतल्या शाळेत रांग लावून बोटाला शाई लावून घेतली असेल, तर उत्तर ‘हो’. तेव्हा तुम्ही भारताचेच नागरिक होता, त्यात काही वावगं नाही. वावगं आहे ते ‘नाही’ लिहिण्यात.

भारताचा कायद्यानुसार दुहेरी नागरिकत्वाला नकार आहे. त्यामुळे अमेरिकेची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं आणि भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ असलं तरी त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तो मुळात जन्मभराचा व्हिसा आहे. कार्ड असल्याचं सांगा आणि तो काय प्रकार आहे ते दोन ओळींत लिहा. आणि कपाटात जुना भारतीय पासपोर्ट तसाच पडून असेल तर आधी त्याची सोय लावा.

पारड्याची दुसरी बाजू

कसोटीतच शंका हलकी करणारे मुद्देही दिलेले आहेत, आणि त्यातला एक सगळ्यात जास्त कामाला येतो: तुमची अमेरिकेतली मुळं इतकी खोल आणि जुनी आहेत का, की पेच पडलाच तर तुम्ही अमेरिकेच्या बाजूने उभे राहाल? मुळं म्हणजे भाषणं नव्हेत. इथे जन्मलेली मुलं, इथलं घर, वीस वर्षांची नोकरी, शाळेच्या पालक समितीतलं काम, तुम्हाला पंधरा वर्षं ओळखणारे वरिष्ठ आणि शेजारी. तपासनीस येऊन शेजाऱ्यांशी खरंच बोलतो. आपल्या लोकांची एक खोड इथे नडते. आपली ओळखपाळख, सणवार, शनिवारची जेवणं, सगळं मराठी किंवा भारतीय घरांतच चालतं. त्यात गैर काही नाही. पण साक्षीला उभा राहणारा पलीकडच्या घरातला माणूस तुम्हाला नावाने ओळखत नसेल, तर ती मुळं कागदावर दिसत नाहीत.

शेवटी ‘संपूर्ण माणूस’ बघायचा असं नियमच सांगतो. वय, अनुभव, वागण्याची रीत, सगळं एकत्र. पण शंका उरली तर निर्णय देशाच्या सुरक्षेच्या बाजूने, तुमच्या नव्हे. १९८८ च्या ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, आणि चूक व्हायचीच असेल तर ती नकाराच्या बाजूला व्हावी. कडक आहे, पण आधी हे माहीत असलेलं बरं.

याहून वाईट दिवस होऊन गेले आहेत. १९५३ मध्ये मायलो रॅडुलोविच नावाचा हवाई दलाचा राखीव लेफ्टनंट मिशिगनमध्ये शिकत होता. त्याला धोकादायक ठरवून काढायला निघाले. त्याच्यावर आरोप एकही नव्हता. वडील सर्बियाहून आलेले, ते एक सर्बियन वर्तमानपत्र घ्यायचे, आणि बहिणीचे विचार डावे. बस. पत्रकार एडवर्ड मरो यांनी ती गोष्ट टीव्हीवर मांडली, गहजब झाला आणि पाच आठवड्यांत हवाई दलाने त्याला परत घेतलं. त्याच वर्षी इथेच, मेरीलँडच्या एका विमान-अभियांत्रिकी कंपनीचे जनरल मॅनेजर विल्यम ग्रीन यांचा क्लिअरन्स गेला. कारणांमध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांशी भेटीगाठी होत्या, आणि होती त्यांची पहिली बायको, जिच्याशी १९४७ मध्येच घटस्फोट झाला होता. विरुद्ध साक्ष कुणी दिली, हे त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. वर्षाला अठरा हजार डॉलर मिळवणारा माणूस ४,४०० डॉलरवर ड्राफ्ट्समन झाला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मोडीत काढली, आणि १९६० च्या फेब्रुवारीत अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नवा आदेश काढून कंत्राटी कर्मचाऱ्याला आरोप लेखी मिळण्याचा आणि सुनावणीचा मार्ग दिला.

आज तुम्हाला तो मार्ग मिळतो तो ग्रीन यांच्यामुळे. शंका असेल तर आधी कारणांचं पत्र येतं. त्यात एकेक मुद्दा क्रमांक घालून लिहिलेला असतो: ‘तुमची आई भारताची नागरिक व रहिवासी आहे.’ ‘तुमचा भाऊ भारत सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेत नोकरीला आहे.’ स्वतःच्या आईचं नाव आरोपपत्रासारख्या कागदावर वाचताना पोटात गोळा येतो, असं ते पत्र आलेले लोक सांगतात. कंत्राटी कर्मचाऱ्याला उत्तर द्यायला वीस दिवस असतात. प्रत्येक मुद्द्याला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहायचं. सुनावणी मागता येते, न्यायाधीशापुढे स्वतः बोलता येतं, साक्षीदार आणता येतात, वकील आपल्या खर्चाने. हरलात तर अपील. तिथेही हरलात तर वर्षभराने पुन्हा अर्जाचा रस्ता उघडतो.

मला स्वतःला विचाराल, तर या कसोटीचा भर जरा जास्तच नात्यांवर आहे. अमेरिकेला ज्यांनी सगळ्यात खोल जखमा केल्या त्यांची नावं बघा. सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९९४ मध्ये पकडला गेला, त्याला पैसा हवा होता. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन २००१ मध्ये. तो शिकागोत जन्मलेला, पोलिसाचा मुलगा, मॉस्कोत त्याची कुणी मावशी नव्हती. त्याच वर्षी पकडली गेलेली संरक्षण खात्याच्या गुप्तचर संस्थेतली ॲना मोंटेस क्यूबासाठी काम करत होती, आणि तिची सख्खी भावंडं होती एफबीआयमध्ये. तरी किमचं प्रकरण डोळ्यांआड करता येत नाही. आणि उइगुर पत्रकारांचं तर मुळीच नाही.

‘कशाला उगाच सांगायचं?’

हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. सोसायटीच्या मीटिंगपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत. या फॉर्मवर ते महागात पडतं. भाऊ डीआरडीओत आहे हे बी कसोटीतलं प्रकरण, त्यातून मार्ग निघतो. भाऊ ‘खाजगी कंपनीत’ आहे असं लिहिलं आणि ते उघडं पडलं की मामला ई कसोटीत जातो, म्हणजे वर्तन आणि खरेपणा. तिथे तुमची वीस वर्षांची मुळंही उपयोगाला येत नाहीत, कारण आता प्रश्न दोरीचा राहिला नाही, तुमचा झाला. शिवाय फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्याचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा.

आणि लपवलेली गोष्ट हीच मुळी धमकी द्यायला उत्तम साधन असते. भाऊ कुठे आहे हे सरकारला माहीत असेल, तर ते उघड करण्याची धमकी कोण देणार?

क्लिअरन्स मिळाला की संपलं, असंही नाही. पूर्वी काही वर्षांनी पुन्हा तपास व्हायचा, आता नोंदी सतत तपासत राहतात, आणि बदल झाला की तुम्ही स्वतः कळवायचा असतो. परदेशी नागरिकाशी लग्न ठरलं, कळवा. क्लिअरन्स टॉप सीक्रेट असेल आणि घरात परदेशी नागरिक तीस दिवसांहून जास्त राहायला आला, कळवा. यात सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेली आईही आली. तिला हे सांगितलं तर ती म्हणेल, ‘मी काय केलं आता?’ तिने काही केलेलं नाही. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला एक फॉर्म हवा आहे, इतकंच.

भारताच्या प्रत्येक खाजगी फेरीची आगाऊ माहिती द्यायची असते: तारखा, गावं, कुणाकडे उतरणार. दिवाळीला जाणार असाल तर ते सोपं आहे. पण फोन पहाटे तीनला येतो, आई गेल्याचा. त्यासाठीही नियम आहे. निघण्यापूर्वी वरिष्ठाला तोंडी सांगायचं, कुठे आणि का ते, शक्य असेल तर सुरक्षा अधिकाऱ्यालाही. मग विमानतळ. तेरावं आटोपून परत आलात की कामाच्या पाच दिवसांच्या आत उरलेला फॉर्म भरायचा.